नागपूर परिसरातील पीकघातक कोळी आणि वनस्पतिजन्य उपाय : नावे, नोंदी आणि परंपरा

१

कडुनिंब, करंज, निर्गुडी, लसूण इत्यादी वनस्पतींच्या अर्कांनी पिकांवरील कोळी दूर ठेवता येतो, हे विधान आज कृषिविषयक पुस्तिकांत वारंवार आढळते. त्याला जोडूनच, हा उपाय आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे, असेही सांगितले जाते. ह्या जोडविधानाचा पूर्वार्ध प्रयोगाने तपासता येतो. उत्तरार्ध हा इतिहासाचा विषय होय. त्याची तपासणी तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी, परंतु ती क्वचितच होते. सामान्यतः कडुनिंबाची प्राचीनता सिद्ध केली जाते आणि तीवरून कोळ्यावरील उपायाची प्राचीनता गृहीत धरली जाते. पण वनस्पती जुनी असणे, तिचा औषधी उपयोग जुना असणे आणि एका विशिष्ट जीवावर तिचा जाणीवपूर्वक केलेला उपयोग जुना असणे, ह्या तीन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत निबंधात ह्या तिहींतील भेद नागपूर परिसराच्या संदर्भात, मुख्यतः नावांच्या आधारे, स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

नागपूरची निवड सकारण आहे. महाल हा ह्या शहराचा जुना गाभा. भोसल्यांचा वाडा येथेच. आणि वाड्याभोवतीच्या वस्तीत बागांच्या स्मृती स्थलनामांच्या रूपाने अद्याप टिकून आहेत. केळीबाग आणि तुळशीबाग ही महालातील रस्त्यांची नावे, तसेच शहराच्या इतर भागांतील महाराजबाग, रेशीमबाग, तेलंखेडी बाग ही नावे भोसलेकालीन उद्यानप्रेमाची साक्ष देतात. दुसरे रघुजी भोसले (कारकीर्द १७८८ ते १८१६) ह्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची रोपे आणवून ती राजवाड्याच्या परसबागेत लावली, अशी परंपरा आहे. ह्या परसबागेतून निघालेले फळ पुढे काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी ह्या पट्ट्याचे प्रमुख पीक झाले आणि २०१४ साली 'नागपूर संत्रा' ह्या नावाला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. ज्या कोळ्यांचा विचार येथे करावयाचा आहे, त्यांतील काही ह्याच झाडावर राहणारे आहेत.

२

प्रथम शब्दाचाच विचार करू. मराठीत 'कोळी' म्हणजे जाळे विणणारा अष्टपाद जीव. पिकावरील ज्या सूक्ष्म जीवाला आज 'कोळी' म्हटले जाते तो त्याच्याच विस्तृत कुळातील, म्हणजे अष्टपाद वर्गातील आहे; तो कीटक नव्हे. तथापि त्याची लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते, आणि साध्या डोळ्यांना तो पानाच्या पाठीवरील तांबूस ठिपक्याहून अधिक काही वाटत नाही. त्याला 'लाल कोळी' हे नाव मिळाले, त्यावर 'रेड स्पायडर' ह्या इंग्रजी नावाची छाया स्पष्ट दिसते. इंग्रजी मळेवाल्यांनी हे नाव चहाच्या मळ्यांत रूढ केले होते. आसामातील चहावर ह्या जीवाचा उपद्रव १८६८ साली नोंदला गेला. पीकघातक कोळ्याची भारतातील ही पहिली नोंद मानली जाते. ज्वारीवरील कोळ्याचे शास्त्रीय वर्णन हर्स्ट ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये केले. त्याचे 'इंडिकस' हे जातिनामच त्याचे भारतीयत्व सांगते. लिंबूवर्गीय झाडांवरील पौर्वात्य लाल कोळ्याचे वर्णन १९३६ चे. म्हणजे ज्या जीवाविरुद्धचा उपाय पूर्वापार म्हटला जातो, त्या जीवाची स्वतंत्र ओळख सुमारे दीडशे वर्षांपलीकडे जात नाही.

मग शेतकऱ्याला त्याची पीडा ठाऊक नव्हती काय? पीडा ठाऊक होती. पीडकाला मात्र निराळे नाव नव्हते. वऱ्हाड-नागपूरकडील कृषिबोलीत रोगनामे बहुशः लक्षणावरून पडलेली आहेत. पान तांबडे पडले की 'लाल्या', पानावर तांब्याच्या रंगाची भुकटी दिसली की 'तांबेरा', पान वळून आखडले की 'चुरडा-मुरडा' अथवा 'बोकड्या', झाडावर काजळी धरली की 'कोळशी'. ही नावे रंग, आकार आणि स्पर्श ह्यांवर उभी आहेत; त्यांत कारणाचा निर्देश नाही. म्हणूनच एकाच नावाखाली परस्परांशी काही संबंध नसलेल्या पीडा एकत्र येतात. संत्र्याच्या सालीवर तांबूस-करडा थर येतो त्याला 'लाल्या' म्हणतात, आणि तो कोळ्यामुळे होतो. आंध्र-तेलंगणातील मोसंबीच्या बागांत ह्याच विकाराला 'मंगू' हे नाव आहे. परंतु कपाशीची पाने लाल पडतात त्यालाही 'लाल्या'च म्हणतात, आणि तेथे कारण बहुधा मॅग्नेशियम, नत्र ह्यांसारख्या अन्नद्रव्यांची उणीव हे असते. मिरचीच्या 'चुरडा-मुरड्या'ची गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची आहे. पाने वर वळतात तेव्हा फुलकिड्यांचा, खाली वळतात तेव्हा कोळ्याचा संशय घ्यावा, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. त्याखेरीज पांढऱ्या माशीवाटे पसरणारा विषाणूही पाने आखडवतो. भिवापूरच्या मिरचीउत्पादकाच्या तोंडी ह्या तिन्ही पीडांना शब्द एकच.

उलट, 'कोळी' हे आधुनिक नावही सर्वत्र यथार्थ नाही. संत्र्याच्या फळावर लाल्या आणणारा कोळी जाळे विणीत नाही, आणि त्याला पायांच्या चार जोड्यांऐवजी दोनच असतात. कोळ्याची जी दोन लक्षणे मराठी भाषकाच्या मनात पक्की आहेत, ती दोन्ही येथे अनुपस्थित आहेत. लक्षणावरून पडलेले जुने नाव फार व्यापक, तर साम्यावरून बेतलेले नवे नाव काही ठिकाणी चुकीच्या दिशेला नेणारे, अशी ही स्थिती आहे. अमुक उपाय लाल्यावर चालत असे, असे एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने सांगितले, तर तो उपाय कोळ्यावर चालत असे हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. पीक कोणते, पीडा फळावर की पानावर, ऋतू कोणता, हे विचारल्यावाचून त्या वाक्याचा अर्थच पूर्ण होत नाही.

३

ग्रंथगत पुराव्याची स्थिती ह्याहून फार वेगळी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. थंडी, वारा व ऊन ह्यांमुळे झाडांना रोग होतात, पाने फिकट पडतात, अंकुर वाढत नाहीत, फांद्या सुकतात, असे तेथे सांगितले असून शस्त्राने रोगट भाग काढून विडंग, तूप व चिखल ह्यांचा लेप देण्याची चिकित्सा दिली आहे. विडंग म्हणजे मराठीतील वावडिंग. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात (इ. स. १००० च्या सुमारास) वृक्षरोगांची वात-पित्त-कफ अशी विभागणी आहे, कीटकजन्य पीडांचा निर्देश आहे, आणि धुरी, लेप व सिंचन ह्यांचे अनेक योग आहेत. ह्या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. नलिनी साधले ह्यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे ग्रंथ महत्त्वाचे आहेत ह्याविषयी दुमत नाही. परंतु त्यांतून कोळ्याचा इतिहास काढणे धाडसाचे ठरेल. पानांचा फिकटपणा हे कोळ्याच्या प्रादुर्भावाचे लक्षण खरे. कारण हा जीव पानाच्या पेशींतील रस शोषतो आणि हरितद्रव्य नाहीसे होऊन पानावर पांढुरके ठिपके उमटतात. पण पाण्याचा ताण, मुळांची कुज, अन्नद्रव्यांची उणीव अशा अनेक कारणांनीही पाने फिकट पडतात. ग्रंथकाराच्या चिकित्सेचा आधार दोषसाम्य हा आहे. विशिष्ट जीवाचा नाश हे तिचे उद्दिष्ट नाही. विडंगाचा लेप काही प्रसंगी कोळ्यावर परिणामकारक ठरलाही असेल. परंतु ग्रंथात जे म्हटलेले नाही ते ग्रंथाच्या तोंडी घालणे हे इतिहासलेखनाच्या शिस्तीत बसत नाही.

४

लोकव्यवहारातील पुरावा मात्र अधिक बोलका आहे. तो शेतापेक्षा घरात अधिक आढळतो. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, उबदार कपड्यांच्या घडीत तो ठेवणे, अंगाला खाज सुटली असता त्याच्या पाल्याने उकळलेल्या पाण्याने स्नान करणे, ह्या रीती महाराष्ट्रभर परिचित आहेत. महाल आणि इतवारी ह्या नागपूरच्या जुन्या पेठांत काष्ठौषधींच्या दुकानी वावडिंग, निंबोळीचे तेल, करंजाचे तेल हे जिन्नस त्याच गरजांपोटी विकले जात आले. ह्यांपैकी एक रीत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. करंजाचे व निंबोळीचे तेल खरजेवर लावतात, आणि खरूज हा कोळीवर्गातील एका जीवानेच होणारा विकार आहे. बोनोमो ह्या इटालियन वैद्याने त्या जीवाचा खरजेशी असलेला संबंध १६८७ साली मांडला. मराठी घरांत तेल चोळणाऱ्या हातांना ह्या जीवाची वार्ता नव्हती. तरीही उपाय कोळीवर्गीय जीवावरच पडत होता.

ह्या उदाहरणावरून परंपरागत ज्ञानाचे स्वरूप नेमके कळते. वनस्पती, तिचा भाग आणि तो वापरण्याची रीत ह्यांविषयीची माहिती पक्की होती. रोगकारक जीवाविषयीची नव्हती. अशा ज्ञानाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचप्रमाणे, त्याला आधुनिक अर्थाने कोळीनाशकाचे ज्ञान म्हणणेही अयथार्थ होईल. तसेच, घरात आणि अंगावर वापरलेली वस्तू उभ्या पिकावर वापरण्यासाठी ती विरघळविण्याची, गाळण्याची आणि फवारण्याची साधने लागतात. हातपंप आणि फवाऱ्याची तोटी शेतकऱ्याच्या हाती येण्यापूर्वी पानाच्या पाठीमागे दडलेल्या जीवापर्यंत औषध पोहोचविणे फार अवघड होते. परंपरा शेतात शिरण्यास अशी तांत्रिक अडचणही होती.

५

पीकघातक कोळ्याला विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जे महत्त्व आले, त्याचे एक मोठे कारण मानवी आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण म्यूलरने १९३९ मध्ये दाखविला आणि महायुद्धानंतर त्याचा शेतीत प्रसार झाला. डीडीटीचा कोळ्यावर फारसा परिणाम होत नव्हता. त्याला खाणारे परभक्षी कोळी व भुंगेरे मात्र त्याने मरत. शत्रू नाहीसे झाल्यामुळे अनेक देशांतील फळबागांत पूर्वी गौण असलेला कोळी प्रमुख पीडा बनला. त्यावर खास कोळीनाशके निघाली. परंतु उष्ण, कोरड्या हवेत ह्या जीवाची पिढी एक-दोन आठवड्यांत पुरी होते आणि निषेचन न झालेल्या अंड्यांतूनही नर जन्मतात. त्यामुळे प्रतिकारक्षमता त्याच्यात फार लवकर रुजते. दुठिपकी कोळ्याने आजवर नव्वदाहून अधिक रासायनिक घटकांना प्रतिकार केल्याच्या नोंदी आहेत. पन्नाशीच्या दशकात आलेले डायकोफॉल हे कोळीनाशक २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलनसूचीत घातले गेले आणि २०२३ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. गंधक हा जुना खनिज उपाय तेवढा अजून टिकून आहे.

वनस्पतिजन्य द्रव्यांच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा ह्याच काळात घडत होती. सलीमुज्जमान सिद्दीकी ह्यांनी १९४२ मध्ये निंबोळीच्या तेलातून निंबिन व इतर कडू द्रव्ये वेगळी केली. श्मुटरर ह्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीनंतर कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिलेली पाहिली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान, जोतवानी व राय ह्यांनी निंबोळीच्या गराचे पाण्यातील मिश्रण फवारलेले पीक टोळ खात नाहीत, हे १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. बटरवर्थ व मॉर्गन ह्यांनी इंग्लंडात १९६८ मध्ये अॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे केले. त्याची रचना १९८५ च्या सुमारास निश्चित झाली आणि त्याचे संपूर्ण संश्लेषण २००७ मध्ये केंब्रिजला सिद्धीस गेले.

ह्या मालिकेत टोळ आहे, कोळी नाही, हे अभ्यासकांच्या लक्षात येईल. अॅझाडिरॅक्टिन कीटकांची भूक मारते आणि त्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडविते. कोळ्यावर त्याचा प्रभाव इतका एकमार्गी नाही. इस्राएलमधील मन्सूर व आशर ह्यांनी १९८३ मध्ये निंबोळीच्या गराचे निरनिराळ्या द्रावकांनी काढलेले अर्क तांबड्या कोळ्यावर तपासले. त्यांत कोळी अर्क लावलेल्या पानापासून दूर जातो आणि त्याची अंडी कमी होतात, असे दिसले. परिणामाची तीव्रता मात्र अर्क कशाने काढला त्यावर अवलंबून होती. कोळ्याच्या बाबतीत तेलकट अंशाचे महत्त्व मोठे आहे, असे पुढील अभ्यासांचेही सांगणे आहे. तेलाने अंड्यांवर व शरीरावर थर बसून श्वसनास अडथळा होतो, आणि उग्र द्रव्यांमुळे पान खाण्यास व अंडी घालण्यास अयोग्य ठरते. ही द्रव्ये सूर्यप्रकाशात काही दिवसांतच विघटित होतात. त्यांची सुरक्षितता आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही ह्याच गुणातून येतात. फवारणी वरचेवर आणि पीडेच्या आरंभीच करावी लागते.

६

विदर्भात आज प्रचलित असलेले उपाय ह्या दोन प्रवाहांच्या संगमातून निघालेले आहेत. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर केलेले द्रावण, हे लोकरीतीचे वाटले तरी त्याचे प्रमाण कृषिसंशोधनाने ठरविलेले आहे. दशपर्णी अर्कात कडुनिंब, करंज, निर्गुडी, सीताफळ, पपई, एरंड, रुई, कण्हेर अशा वनस्पतींचा पाला आंबवितात. नाव संस्कृत असले तरी त्याचा प्रसार सेंद्रिय शेतीच्या अलीकडील चळवळीतून झाला. अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर ह्यांनी निमास्त्र, अग्निअस्त्र, ब्रह्मास्त्र ही नावे रूढ केली. ही नामरचना अर्थपूर्ण आहे. जुनी नावे पिकाच्या लक्षणाची होती, नवी नावे उपायाच्या सामर्थ्याची आहेत. आणि पौराणिक शब्दांमुळे नव्या योगालाही प्राचीनतेचे वलय सहज लाभते. शब्दाचे वय आणि वस्तूचे वय ह्यांची गल्लत होण्याचा धोका येथेच आहे.

ही चर्चा केवळ पंडिती नव्हे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर रासायनिक कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती फवारणी कोळ्यासाठी नव्हती. तथापि सौम्य पर्यायांची निकड तिने साऱ्या विदर्भाला दाखवून दिली. अशा वेळी परंपरेच्या नावावर कोणताही अर्क खपविला जाण्याचा संभव असतो. पानाच्या लाल रंगावरून कपाशीच्या लाल्यावर कोळ्याचा उपाय करणाऱ्याचे पैसे तर जातातच, शिवाय मॅग्नेशियमची उणीव तशीच राहते. ह्याच्या उलट, परंपरेची नोंदच नसल्यास ती दुसऱ्याच्या मालकीची होण्याचाही संभव असतो.

ह्या दुसऱ्या धोक्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. निंबोळीच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी व अमेरिकेचे कृषिखाते ह्यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये एकस्व दिले. वंदना शिवा, मॅग्डा आल्वूट आणि सेंद्रिय कृषिचळवळीचा आंतरराष्ट्रीय महासंघ ह्यांनी त्याला आव्हान दिले. ते एकस्व मे २००० मध्ये रद्द झाले आणि त्यावरील अपील मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. ह्या प्रकरणात ज्या पुराव्याला वजन आले तो महाराष्ट्रातील होता. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे व सांगली जिल्ह्यांत निंबोळीच्या अर्काचा पिकांवर प्रत्यक्ष वापर झाल्याची साक्ष अभय फडके ह्या उद्योजकाने दिली होती. विषय बुरशीचा होता, कोळ्याचा नव्हता. पण त्यातून मिळणारा धडा येथे पूर्णपणे लागू पडतो. कोणत्या वर्षी, कोणत्या जिल्ह्यात, कशाचा अर्क, कोणत्या रीतीने काढून, कशावर फवारला, हे सांगता आले म्हणून ती साक्ष उपयोगी पडली. हजार वर्षांच्या गौरवशाली परंपरेच्या मोघम उल्लेखाला हे काम झाले नसते.

७

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नाही. कोळीवर्गीय जीवांवर चालणाऱ्या वनस्पतींचे ज्ञान मराठी समाजात जुने आहे, आणि त्याचे निश्चित उदाहरण खरजेवरील तेलांचे आहे. पीकघातक कोळ्याची स्वतंत्र ओळख आणि त्याचे आजचे मराठी नाव ही दोन्ही अर्वाचीन आहेत. उभ्या पिकावरील कोळ्याला वनस्पतिजन्य द्रव्यांनी परतविण्याची सुसंगत पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली, आणि ती घडविण्यात घरगुती रीत, प्रयोगशाळा व शेतकऱ्यांची चळवळ ह्या तिघांचाही वाटा आहे. हा इतिहास अखंड परंपरेच्या कथेइतका आकर्षक वाटणार नाही. परंतु तो पुराव्यावर उभा राहतो, आणि त्यात शेतकऱ्याच्या निरीक्षणाचे श्रेयही कमी होत नाही.

पुढील कामाची दिशाही ह्यातूनच सूचित होते. महाराजबागेतील कृषिमहाविद्यालय १९०६ पासून, अकोल्याचे कृषिविद्यापीठ १९६९ पासून आणि नागपुरातील लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधनसंस्था १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ह्या भागातील पिकांचा अभ्यास करीत आहेत. जीवाची ओळख पटविण्याचे काम त्यांचे आहे. शब्दांची ओळख पटविण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांचे. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत आणि भिवापूरच्या मिरचीच्या शेतांत पीडांची बोलीनामे गोळा करताना प्रत्येक नावापुढे पीक, झाडाचा भाग, ऋतू, पान वळण्याची दिशा, वापरलेली वनस्पती, तिचा भाग आणि अर्क काढण्याची रीत ह्यांची नोंद व्हावयास हवी. आणि शक्य तेथे त्या पानाचा नमुना कृषिकीटकशास्त्रज्ञाकडे तपासणीस जावयास हवा. फवाऱ्यापूर्वीची शेती ज्यांनी पाहिली, त्या पिढीतील माणसे आता थोडीच उरली आहेत. 'लाल्या' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे नेमके कोणते पान असे, हे त्यांना विचारून ठेवण्यास फार अवधी राहिलेला नाही.